केंद्र सरकारात मुलांच्या बाजूनं बोलणारं कोण? सोलापूरकरांशी बोलायचंय

पूर्वभागातली_शिक्षिका

आमच्या भागातले काही पालक आणि शिक्षक मिळून खासदारांना एक निवेदन देणार आहोत. त्याआधी इथल्या जाणत्या मंडळींशी बोलून घ्यावं म्हणून हा धागा काढतेय.

मागणी थोडक्यात अशी. देशातल्या मुलांची जबाबदारी ज्याच्या नावावर असेल असा एक कॅबिनेट मंत्री हवा, आणि इतर खात्यांना जाब विचारायचा अधिकार त्याला हवा. दुसरं म्हणजे राष्ट्रीय बालहक्क आयोग एका खात्याच्या पंखाखाली न राहता संसदेला थेट उत्तर देणारा हवा.

सोलापुरात बसून दिल्लीचं काय बोलता, असं कुणीतरी म्हणेलच. म्हणून आधी इथलं सांगते. मी पूर्व भागात प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया विड्या वळतात. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणायचा, मांडीवर सूप घेऊन बसायचं, भिजवलेलं पान कात्रीनं मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळलं, टोक दुमडलं, दोरा. सकाळपासून रात्रीपर्यंत हेच. त्या सुपाला टेकूनच दोन वर्षांचं लेकरू बसलेलं असतं. त्याच्या हातात खेळणं म्हणून पानाचे कातरलेले तुकडे असतात, आणि तेच तो तोंडात घालतो.

आता सांगा, हे मूल दिल्लीत कुणाच्या खात्यात येतं? आईची मजुरी कामगार मंत्रालयाकडे. अंगणवाडी महिला व बालविकासकडे. त्याचा खोकला आरोग्य खात्याकडे. सहा वर्षांचं झालं की शिक्षण खात्याकडे. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद केली होती, पण ती कारखान्याच्या आवारासाठी. घरी बसून वळणाऱ्या बाईचं कामाचं ठिकाण म्हणजे तिची खोलीच, त्यामुळे पाळणाघर तिच्या वाट्याला आलंच नाही. प्रत्येक खातं आपापला तुकडा बघतं आणि आपल्या तुकड्यापुरतं खरंही बोलतं. पूर्ण मूल कुणीच बघत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ ची. त्यात महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांत ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, २५ हून जास्त मुलं उंचीच्या मानानं हडकुळी. रक्त कमी असलेली तर ६९. आपल्या सोलापूर जिल्ह्याचा आकडा मला रात्री झोपू देत नाही: २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ४० टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली. आपण काही दुर्गम जिल्हा नाही हो. रेल्वे आहे, साखर कारखाने आहेत, विद्यापीठ आहे.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. आपल्या देशात मुलांना जे मोठं मिळालं, त्यासाठी बहुतेक वेळा कोर्टाला पुढं यावं लागलं. राज्यघटनेनं म्हटलं होतं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत शिक्षण द्या. ती मुदत १९६० मध्ये संपली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो मूलभूत हक्क ठरवला, मग २००२ ची घटनादुरुस्ती, मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा. शाळेत शिजवलेलं जेवण द्या, हा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा, तोही सर्वोच्च न्यायालयाचा. देशात १४ लाख अंगणवाड्या उघडा, हा डिसेंबर २००६ चा, पुन्हा न्यायालयाचाच. मंत्रिमंडळाच्या टेबलाभोवती ‘मुलांचं काय?’ असं विचारणारं माणूस बसलेलं असतं, तर दर वेळी कुणाला तरी याचिका घेऊन धावावं लागलं नसतं.

मतदान अठरानंतर. त्याआधीची सगळी माणसं मतदारयादीच्या बाहेर. त्यांच्यासाठी सरकारातच कुणीतरी हवं, असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय म्हणणं?

नवीपेठकर

मॅडम, तुमची तळमळ कळते. पण मला हा उपाय पटत नाही. १९८५ ला महिला व बालविकास विभाग निघाला. २००६ ला त्याचं स्वतंत्र मंत्रालय झालं. पोषण अभियान २०१८ ला आलं. प्रत्येक वेळी आता मुलांचं भलं होणार असंच ऐकलं. वरच्या पाटीनं खाली काय बदलतं? इथं शहरात नळाला रोज पाणी येत नाही, बायका आणि पोरी पाणी भरण्यात दिवस घालवतात. त्या पोरीला दिल्लीतला मंत्री काय देणार? महापालिका नीट चालू द्या, झेडपीच्या शाळेत शिक्षक पूर्ण भरा, अंगणवाडीला पक्की खोली द्या. मुलं आपोआप सुधारतील. शिवाय घटनेच्या ९१ व्या दुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांत बांधलेली आहे. मंत्री हवे तेवढे वाढवता येत नाहीत.

सेविका_दक्षिण

नमस्कार. मी दक्षिण सोलापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मोबाईलवर टाइप करतेय, चुकलं तर समजून घ्या.

नवीपेठकर दादा म्हणतात खाली सुधारा. पण दादा, खालचं सगळं वरूनच ठरून येतं. आमच्याकडं तीन ते सहा वयाच्या लेकरांना गरम ताजा आहार असतो, लहानग्यांना घरी न्यायची पाकिटं. एका लेकराच्या एका दिवसाच्या आहाराचा दर केंद्रानं २०१७ ला ८ रुपये ठरवला. अतितीव्र कुपोषित असेल तर १२. त्या सालात तेलाचा पुडा केवढ्याला होता आणि तूरडाळ केवढ्याला होती ते घरातल्या बाईला विचारा. दर वाढवून द्या म्हणून मी मुख्यसेविकेला सांगते, त्या सीडीपीओ मॅडमना (बालविकास प्रकल्प अधिकारी) सांगतात, त्या झेडपीला. तिथून पुढं काय होतं ते आमच्यापर्यंत परत येत नाही.

आमचं मानधन पण असंच. केंद्रानं २०१८ च्या ऑक्टोबरला ४५०० केलं, त्यावर राज्य आपली भर घालतं. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही संपावर बसलो ते दीड महिन्याच्या वर बसलो. त्या दिवसांत कितीतरी लेकरांचं वजन झालं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, पण दुसरा रस्ताच नव्हता.

एक प्रसंग सांगते. माझ्याकडं एक पोरगी होती, दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर लाल. सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषितांत, नाव घेतलं, पोषण ट्रॅकर ॲपवर भरलं, आईला पोषण पुनर्वसन केंद्रात जा म्हणून सांगितलं. आई म्हणाली, ताई, तिथं चौदा दिवस राहायचं तर माझा रोज कोण देणार, घरी दोन मोठी आहेत त्यांना कोण बघणार. ते पण खरंच होतं. आहाराचं काम माझं. दवाखाना आरोग्याचा. आणि आईचा बुडालेला रोज कुणाचाच नाही. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी बघणारं माणूस मी आजवर बघितलेलं नाही. मॅडम जे म्हणतात ते हेच असेल तर माझी सही पहिली घ्या.

माढा_गुरुजी

सेविकाताईंना नमस्कार. तुमचं वाचून ऊसपट्ट्यातलं लिहावंसं वाटलं.

आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सगळ्यात जास्त आहेत. दिवाळी आली की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. फडाशेजारी कोप्या (झोपड्या) पडतात आणि त्यात पोरं. दहा वर्षांची मुलगी धाकट्याला काखेत घेऊन वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते. कायद्यानं हिला बालकामगार म्हणता येत नाही, कारण मजुरीच्या वहीत तिचं नावच नसतं. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं तर शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करायला चौदाच्या आतल्या मुलांनाही मोकळीक दिली. हेतू काहीही असो, फडावर शाळेआधी काय आणि शाळेनंतर काय, हे तपासायला कोण जाणार?

साखरशाळा झाल्या. मुलांना गावीच ठेवायला हंगामी वसतिगृहं झाली. शाळा बदलणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं ठरलं. प्रत्येक योजना चांगल्या मनानं आखलेली आहे, मी स्वतः त्यात काम केलंय. पण मूल बीडमधून निघतं तेव्हा तिथल्या पटावर असतं, इथं येतं तेव्हा ‘पाहुणा’ असतो, आणि काही टोळ्या पुढं कर्नाटकात जातात तेव्हा ते आपल्या राज्याच्याच हिशेबातून निघून जातं. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मुलाची जबाबदारी केंद्राशिवाय कोण घेऊ शकतं? नवीपेठकर साहेब, हा प्रश्न महापालिका किंवा झेडपी कितीही चांगली चालली तरी सुटणारा नाही.

आमच्या तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्कारापर्यंत पोहोचले. एका शिक्षकानं काय होऊ शकतं ते आपण बघितलंय. पण फडावरच्या मुलापर्यंत शिक्षक पोहोचायचा तर आधी ते मूल कुणाच्या तरी यादीत असावं लागतं.

अ‍ॅड_सातरस्ता

मी वकिली करतो. मॅडमच्या दुसऱ्या मागणीबद्दल लिहितो, कारण तिकडं लोकांचं लक्ष कमी जातं, आणि माझ्या मते खरी मेख तिथंच आहे.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोग २००५ च्या कायद्यानं निर्माण झाला आणि २००७ च्या मार्चपासून कामाला लागला. एक अध्यक्ष, सहा सदस्य. चौकशी करताना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, साक्षीदार बोलावता येतो, कागद मागवता येतात. पण चौकशीच्या शेवटी आयोग करतो ती शिफारस. सरकारनं ती मानलीच पाहिजे असं नाही.

अध्यक्ष कोण निवडतं ते बघा. तीन जणांची निवड समिती, आणि तिच्या प्रमुखपदी महिला व बालविकास मंत्री. म्हणजे ज्या खात्याच्या कामावर लक्ष ठेवायचं, त्याच खात्याचा मंत्री लक्ष ठेवणारा निवडतो. आता राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाशी ताडून बघा. तिथल्या निवड समितीत पंतप्रधान, लोकसभा अध्यक्ष, गृहमंत्री, राज्यसभेचे उपसभापती आणि दोन्ही सभागृहांतले विरोधी पक्षनेते असतात. मुलांच्या आयोगाला तेवढी प्रतिष्ठा का नसावी? २०२४ च्या ऑक्टोबरात आयोगाच्या अध्यक्षांची मुदत संपली आणि त्यानंतर ती खुर्ची बराच काळ रिकामी राहिली. निवडणूक आयुक्ताची खुर्ची अशी रिकामी राहिली असती तर देशभर चर्चा झाली असती.

आयोगाचा वार्षिक अहवाल सरकारनं संसदेत मांडायचा असतो, कुठली शिफारस का मानली नाही याच्या कारणांसकट. तरतूद चांगली आहे. पण त्यावर चर्चा झालीच पाहिजे असं बंधन नाही. मुलांचा विषय ज्या स्थायी समितीकडे आहे, तिच्याकडे शिक्षण, महिला, मुलं, युवक आणि क्रीडा एवढं सगळं एकत्र आहे. त्या समितीनं वर्षातून एकदा फक्त मुलांवर बैठक घ्यावी आणि आयोगाला तिथं समोर बसवावं, एवढीच मागणी केली तरी खासदारांना ती लगेच उचलून धरता येईल. त्याला कायदा बदलावा लागत नाही.

निवृत्त_लेखाधिकारी

मी हिशेबाच्या खात्यात आयुष्य काढलं, म्हणून आकड्यांपुरतं बोलतो.

२००८-०९ पासून केंद्रीय अर्थसंकल्पासोबत मुलांसाठीच्या तरतुदींचं एक वेगळं विवरणपत्र येतं. सुरुवातीच्या वर्षांत एकूण अर्थसंकल्पात मुलांचा वाटा चार टक्क्यांच्या वर होता. अलीकडे तो अडीच टक्क्यांच्या आतबाहेर असतो. हे ऐकून लोक चिडतात, चिडावंच. पण निवेदनात लिहिताना एक खबरदारी घ्या. चौदाव्या वित्त आयोगानं २०१५ पासून राज्यांचा करातला हिस्सा ३२ वरून ४२ टक्के केला. त्यामुळं बरीच जबाबदारी राज्यांकडं सरकली. नुसता केंद्राचा आकडा दाखवलात तर अधिकारी एका वाक्यात तुम्हाला परत पाठवतील. ‘केंद्र आणि राज्य मिळून एका मुलामागे किती खर्च होतो हे दरवर्षी एका पानावर सांगा’, असं मागा. ते पान आज सामान्य माणसाच्या हाती येत नाही, कारण ते तयार करणं कुणाचंच काम नाही.

सेविकाबाईंनी आहाराच्या दराचं लिहिलं ते मला फार महत्त्वाचं वाटलं. नोकरदाराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा आपोआप वाढतो. लहान मुलाच्या घासाचा दर मात्र कुणीतरी फाईल हलवेपर्यंत तसाच. तो दर महागाईला जोडा. मला वाटतं सगळ्या निवेदनात ही एक ओळ राहिली तरी चालेल.

महिला_मंडळ_बाळे

माझा एक आक्षेप आहे आणि तो स्पष्ट मांडते. मुलांसाठी वेगळा मंत्री म्हणजे महिला व बालविकास मंत्रालय फोडायचं का? आम्ही बायकांसाठी काम करताना रोज बघतो, आई उपाशी तर मूल उपाशी. सोळाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी सतराव्या वर्षी आई होते. ती कुठल्या मंत्र्याकडं जाणार, बायकांच्या की मुलांच्या? ती दोन्ही आहे. फोडाफोडीत तिचाच बळी जाईल.

पूर्वभागातली_शिक्षिका

ताई, तुमचा मुद्दा लाखमोलाचा आहे, आणि म्हणूनच मंत्रालय फोडा असं आम्ही म्हणत नाही. जपाननं काय केलं ते सांगते. १ एप्रिल २०२३ ला तिथं मुलं आणि कुटुंबं अशा दोन्हींसाठी एक संस्था थेट मंत्रिमंडळ कार्यालयाखाली सुरू झाली. तिच्यासाठी मंत्री आहे, आणि इतर खात्यांनी मुलांबाबत कमी काम केलं तर त्यांना लेखी शिफारस करायचा अधिकार त्याला आहे. शाळा मात्र शिक्षण खात्याकडंच राहिल्या. आपल्यालाही असंच काहीसं हवंय: अंगणवाडी जिथं आहे तिथंच राहू दे, आई आणि मूल एकत्रच राहू देत, पण कामगार, आरोग्य, शिक्षण, जलशक्ती या सगळ्यांना ‘या निर्णयानं मुलांचं काय होईल?’ हे विचारणारं एक माणूस त्यांच्याच बरोबरीच्या खुर्चीवर बसू दे.

न्यूझीलंडनं २०१८ मध्ये बालदारिद्र्य कमी करण्याचा कायदा केला. सरकारला तीन वर्षांचं आणि दहा वर्षांचं उद्दिष्ट जाहीर करावं लागतं, आणि अर्थसंकल्पासोबत सांगावं लागतं की त्या उद्दिष्टाच्या किती जवळ आलो. सगळी उद्दिष्टं गाठली जातात असं नाही. पण सरकार कुठल्याही पक्षाचं येवो, आकडा लपवता येत नाही. नॉर्वेनं तर १९८१ मध्येच मुलांसाठी लोकपाल नेमला, जगात पहिला. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता आपण १९९२ मध्ये स्वीकारली, तेव्हापासूनचं हे देणं आहे.

नवीपेठकर काका, पाण्याचं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं. पण एक आठवण करून देते. कुंभारीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, तिच्या किल्ल्या २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते दिल्या गेल्या. ती घरं केंद्र, राज्य आणि बायकांचे स्वतःचे पैसे एकत्र आल्यावरच झाली. त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे निघाले. त्या बायकांना युनियन होती, मत होतं. त्यांच्या सुपाशेजारी बसलेल्या लेकराला दोन्ही नाही.

नवीपेठकर

गोदूताई वसाहतीचं उदाहरण बरोबर आहे. तिथं माझी मावशी राहते. माझं म्हणणं इतकंच की मंत्री आला आणि जिल्ह्यात काहीच उतरलं नाही, असं होऊ नये. निवेदनात जिल्ह्याचा दुवा घाला. जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्यातून एकदा आरोग्य, शिक्षण, महिला बालविकास आणि कामगार असे चारही अधिकारी एकत्र बसावेत, समोर मुलांची नावं असावीत. सेविकाताईंनी सांगितलेली ती लाल पट्टीवाली पोरगी त्या बैठकीत नावानिशी यायला हवी. हे घातलंत तर मीही सही करतो.

अकरावी_सायन्स

मी सतरा वर्षांची आहे, इथं लिहिलेलं चालेल का माहीत नाही. आमच्या वर्गातल्या एकीचं मे महिन्यात लग्न झालं. आम्हाला कॉलेज उघडल्यावर कळलं. मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर आम्हाला पाठ आहे, पुस्तकाच्या मागं छापलेला असतो. पण फोन केला तर तिच्या घरी पोलीस येणार, ती आमचं नाव घेणार आणि मग आम्ही गावात राहायचं कसं, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही. मोठे लोक आमच्यासाठी नियम करतात तेव्हा आम्हाला एकदा तरी विचारावं असं वाटतं. निवेदन देणार तेव्हा आमच्यातल्या दोघीतिघींना खासदारांसमोर बोलू द्याल का?

अ‍ॅड_सातरस्ता

बेटा, अवश्य लिही. बालहक्क संहितेचं बारावं कलम हेच सांगतं, मुलांशी संबंधित निर्णयात मुलांचं मत ऐकलं पाहिजे. ग्रामपंचायतींनी ग्रामसभेआधी बालसभा घ्यावी असं पंचायतराज मंत्रालयही सांगतं. किती ठिकाणी घेतली जाते हा वेगळा प्रश्न. फोन करणाऱ्याचं नाव उघड करायचं नसतं, ही गोष्ट मी तुमच्या कॉलेजात येऊन नीट समजावून सांगायला तयार आहे. प्राचार्यांशी मॅडमनी बोलावं.

पूर्वभागातली_शिक्षिका

प्राचार्यांशी उद्याच बोलते. आणि हो बाळ, तुम्हीच आधी बोलायचं, आम्ही तुमच्यानंतर.

निवेदनात आता पाच गोष्टी जातील: कॅबिनेट मंत्री, आयोगाची निवड, स्थायी समितीची बैठक, आहाराचा दर महागाईला जोडणं, जिल्ह्यातली मासिक बैठक. लेखाधिकारी काका, एका पानाच्या हिशेबाचा परिच्छेद तुम्ही लिहून द्याल का? आणि आपल्या जिल्ह्यात माढ्याचे खासदार वेगळे, सोलापूरचे वेगळे, तेव्हा गुरुजी, तिकडची प्रत तुमच्याकडं.

निवृत्त_लेखाधिकारी

देतो. एका पानात बसवतो.

सेविका_दक्षिण

मॅडम, आमच्या पाड्यावरच्या बऱ्याच बायका कन्नड बोलतात, आणि तुमच्या पूर्व भागात तेलुगू. नुसतं मराठीत वाचून सही घेतली तर कशावर सही केली हे त्यांना कळणार नाही. कन्नडमधून मी सांगते समजावून. तेलुगूसाठी कुणीतरी बघा.

पूर्वभागातली_शिक्षिका

तेलुगू माझ्या घरचीच भाषा आहे ताई. ते मी करते.